जाहिरातींवर चालणारा ब्लॉग: विषय ठरवण्यापासून खात्यात पैसे जमा होईपर्यंत

ब्लॉगवरच्या जाहिरातींतून पैसे मिळतात. प्रश्न असतो तो किती आणि कधी, आणि नेमकं तेवढंच सांगायचं राहून जातं. म्हणून नाव, रंग आणि टेम्प्लेट यांच्या मागे लागण्याआधी कागद-पेन घ्या आणि एक साधा हिशेब मांडा.

जाहिरात नेटवर्क, म्हणजे जाहिरातदार आणि ब्लॉग यांना जोडणारी सेवा, लेखाचे पैसे देत नाही. लेख वाचताना लोकांना ज्या जाहिराती दिसतात, त्यांचे देतं. हे मोजण्याचं माप म्हणजे आरपीएम, अर्थात १,००० वेळा पान उघडलं गेल्यावर तुमच्या वाट्याला आलेली रक्कम. महिन्याची कमाई भागिले त्या महिन्यातली पेजव्ह्यूजची (पान उघडलं गेल्याची) संख्या, गुणिले १,०००, इतकं सोपं गणित आहे. हा आकडा विषय, भाषा, वाचकाचा देश आणि वर्षातला महिना यांवर हलत राहतो. समजा तो १ डॉलर धरला. ॲडसेन्स हे गुगलचं जाहिरात नेटवर्क डॉलरमधल्या खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे पाठवत नाही, म्हणजे पहिली रक्कम मिळायला १ लाख पेजव्ह्यूज हवेत. एका लेखाला रोज सरासरी २० वाचक येतात असं धरलं तर महिन्याला ६०० झाले. असे ५० लेख असतील तर महिन्याला ३०,००० पेजव्ह्यूज, ३० डॉलर, आणि १०० चा टप्पा चौथ्या महिन्यात.

हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमचे वेगळे निघतील. पण त्यांतून या धंद्याची रचना कळते. एखादा लेख एका दिवसात खूप फिरला आणि दुसऱ्या दिवशी विसरला गेला, तर त्यातून फारसं काही सुटत नाही. रोज थोडे पण वर्षानुवर्षं वाचले जाणारे बरेच लेख, हे खरं भांडवल. 'पी हळद आणि हो गोरी' अशी घाई असेल तर जाहिरातींचा मार्ग आपला नाही हे आत्ताच ठरवलेलं बरं.

विषय कसा निवडायचा

'आवडीचा विषय निवडा' हा सल्ला अर्धाच बरोबर आहे. आवड लागतेच, कारण पन्नास लेख लिहायचे आहेत आणि बाराव्या लेखाला कंटाळा आला तर पुढचं सगळं मुसळ केरात. पण आवडीबरोबर आणखी तीन गोष्टी तपासा. लोक हा विषय शोधतात का? शोधणारा माणूस काही विकत घेण्याच्या, दुरुस्त करण्याच्या किंवा शिकण्याच्या बेतात असतो का? आणि आज लिहिलेला लेख दोन वर्षांनी तितकाच उपयोगी राहील का?

दुसरा प्रश्न पैशाचा आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. तुमच्या पानावरची प्रत्येक जागा लिलावात जाते. पान उघडताक्षणी जाहिरातदारांच्या बोली लागतात आणि जिंकणाऱ्याची जाहिरात झळकते. कर्ज, विमा, सॉफ्टवेअर, व्यावसायिक प्रशिक्षण अशा विषयांवर बोली चढ्या असतात, कारण तिथे एक ग्राहक मिळाला तरी जाहिरातदाराला मोठा फायदा होतो. कविता, विनोद, सुविचार यांच्या वाचकाला त्या क्षणी काही विकत घ्यायचं नसतं, म्हणून वाचक भरपूर असूनही दर पडतात. याचा अर्थ उठून विम्याचा ब्लॉग काढा असा नाही. पैसा आणि आरोग्य या विषयांत शोधयंत्रं लेखकाचा अधिकार आणि विश्वासार्हता जास्त काटेकोरपणे बघतात, आणि मोठ्या संस्था तिथे आधीपासून पाय रोवून बसल्या आहेत. नवख्याला मधली जागा सोयीची: ज्यात तुमचे हात खरंच चालतात असं एखादं कौशल्य.

समजा तुम्हाला शिवणकाम येतं. 'फॅशन' हा विषय अवाढव्य आहे, 'शिवणकाम' बरा आहे, आणि 'घरच्या शिलाई मशीनच्या तक्रारी आणि त्यांची दुरुस्ती' हा ब्लॉगसाठी उत्तम. ज्याच्या मशीनचा दोरा सारखा तुटतोय तो माणूस उत्तर मिळेपर्यंत पान सोडत नाही. सुया, दोरे, सुटे भाग, नवी मशीन विकणाऱ्यांना तोच माणूस हवा असतो. आणि दोरा तुटण्याची कारणं दोन वर्षांत बदलत नाहीत.

लोक काय शोधतात हे पाहायला सुरुवातीला पैसे खर्च करण्याची गरज नाही. गुगलच्या शोधपेटीत विषयाचे पहिले दोन शब्द टाइप करा आणि खाली येणाऱ्या सूचना उतरवून घ्या. यूट्यूबच्या शोधपेटीत तेच करा. निकालांच्या पानावर येणारे 'लोक हेही विचारतात' छापाचे प्रश्न वहीत घ्या. गुगल ट्रेंड्सवर दोन शब्दांची तुलना करून कुठला जास्त चालतो ते पाहा. लोक प्रमाण शब्द वापरत नाहीत, तोंडी वापरातला शब्द टाइप करतात, त्यामुळे तुम्हाला शुद्ध वाटणाऱ्या शब्दाचा आग्रह इथे जरा बाजूला ठेवावा लागतो.

ब्लॉग उघडण्याआधी तीस लेखांची शीर्षकं लिहून काढा. बसल्या बैठकीत तीस सुचली नाहीत तर विषय फार अरुंद आहे किंवा तुमची त्यातली माहिती कमी आहे. ही कसोटी मला इतर सगळ्या साधनांपेक्षा खात्रीची वाटते.

ब्लॉगर की वर्डप्रेस

ब्लॉगर हे ब्लॉग चालवण्याचं व्यासपीठ १९९९ साली सुरू झालं आणि २००३ मध्ये गुगलने विकत घेतलं. ते मोफत आहे, सर्व्हरची चिंता नाही, स्वतःचं डोमेन (स्वतःच्या नावाचा वेब-पत्ता) जोडता येतं आणि ॲडसेन्स थेट त्यातूनच जोडता येतं. मर्यादा म्हणजे टेम्प्लेट आणि सोयी जेमतेम आहेत.

वर्डप्रेसबाबत गोंधळ होतो, कारण त्या नावाच्या दोन गोष्टी आहेत. वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे. तिच्या मोफत योजनेत तुमच्या ॲडसेन्सच्या जाहिराती लावता येत नाहीत. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते मोफत सॉफ्टवेअर, जे तुम्ही भाड्याने घेतलेल्या होस्टिंगवर, म्हणजे सर्व्हरवरच्या जागेत, बसवता. तिथे सगळी सत्ता तुमची, आणि अपडेट, बॅकअप, सुरक्षितता ही डोकेदुखीही तुमचीच.

माझं मत सरळ आहे. लिहिण्याची सवय टिकते का हे अजून माहीत नसेल तर ब्लॉगरवर सुरुवात करा, पण पहिल्या दिवसापासून स्वतःचं डोमेन जोडा. उद्या वर्डप्रेसवर गेलात तरी पत्ता तोच राहील आणि लेखांचे दुवे नीट वळवले तर जमवलेला वाचक सोबत येईल. सहा महिने लिहून झालं, वाचक वाढू लागले, की होस्टिंगचा खर्च करायला हरकत नाही.

डोमेन घेताना नाव लहान, उच्चारताच लिहिता येईल असं आणि जोडरेघ नसलेलं घ्या. देवनागरीतही डोमेन मिळतात, पण त्यांचा दुवा काही ठिकाणी चिकटवला की अगम्य अक्षरांची माळ दिसते, म्हणून मुख्य पत्ता रोमन लिपीत ठेवलेला सोयीचा. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी वाचा. डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर नोंदवा, वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर नाही. नोंदणीनंतर ईमेलची पडताळणी करणारा संदेश येतो. डॉट कॉमसारख्या डोमेनच्या बाबतीत १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही तर डोमेन बंद पडू शकतं. हा संदेश अनेकदा स्पॅममध्ये जाऊन बसतो.

मांडणी, फॉन्ट आणि पत्ते

टेम्प्लेट साधं आणि मोबाइलवर नीट दिसणारं घ्या. फिरत्या चित्रपट्ट्या, हलणारे बॅनर, पार्श्वसंगीत, घड्याळं यांतलं काहीही नको.

मराठीत लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टींकडे खास लक्ष द्यावं. पहिली, मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे सगळ्या उपकरणांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तुमच्या संगणकावर मराठी दिसतो, पण आतून ती वेगळीच अक्षरं असतात. शोधयंत्राला आणि जाहिरात यंत्रणेला त्यातून काही कळत नाही. असा जुना मजकूर असेल तर तो परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून एकदा डोळ्यांखालून घाला, कारण जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात. दुसरी, फॉन्ट. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी वाचायला चांगले आहेत, पण देवनागरी फॉन्टच्या फाइल जड असतात. एकच फॉन्ट आणि त्याची दोन वजनं, साधं आणि ठळक, एवढं पुरतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात.

तिसरी गोष्ट लेखाच्या पत्त्याची. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं आणि पत्त्यात शिरताना त्याची नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेस लेखाच्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा घालतं, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हं बसतात आणि पुढचं शीर्षक कापलं जातं. असा दुवा कोणाला पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबच लांब रांग दिसते आणि समोरचा क्लिक करायला कचरतो. त्यामुळे शीर्षक मराठीत, पण पत्ता दोन-चार रोमन शब्दांचा, लेख प्रकाशित करण्याआधीच हाताने बदललेला.

मुख्य लेखांखेरीज काही पानं लागतातच: तुम्ही कोण आहात ते सांगणारं पान, संपर्काचं पान आणि गोपनीयता धोरण. शेवटचं केवळ औपचारिक नाही. गुगलसह तृतीय पक्ष जाहिराती दाखवण्यासाठी कुकी (वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदी) वापरतात आणि वाचक वैयक्तिक पसंतीच्या जाहिराती बंद करू शकतात, हे त्यात असणं ॲडसेन्सच्या अटींत आहे. दुसऱ्याचं धोरण जसंच्या तसं उचललं तर त्यात त्याच्याच साइटचं नाव राहून जातं, तेवढं जपा.

लेख कसा लिहायचा

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारं काम. शिलाई मशीनचंच उदाहरण पुढे नेतो. 'शिलाई मशीनची निगा' असा लेख लिहिला तर तो सगळ्यांसाठी असतो आणि कोणाच्याच कामाचा नसतो. त्याऐवजी 'कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतो, काय करावं' असा एकच प्रश्न घ्या.

वाचक वैतागलेला आहे, समोर मशीन उघडी आहे, हातात मोबाइल आहे. त्याला पहिल्या परिच्छेदातच सांगा: गुंता खाली दिसत असला तरी चूक बहुधा वरच्या दोऱ्याची असते. सुईजवळ कापड दाबून धरणारी दाबपट्टी वर उचलून वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. मग पुढे कारण द्या. दाबपट्टी खाली असताना दोरा ओवला तर तो ताण देणाऱ्या चकत्यांमध्ये नीट बसत नाही, वरचा ताण सुटतो आणि जादा दोरा कापडाखाली साचतो. त्यानंतर दुसरी शक्यता, तिसरी शक्यता, आणि शेवटी कारागिराकडे कधी न्यावं. प्रत्येक टप्प्याचा स्वतः काढलेला फोटो. उत्तर आधी आणि स्पष्टीकरण नंतर, हा क्रम पाळला की वाचक विश्वासाने खाली उतरतो, आणि खालच्या जाहिराती त्याशिवाय दिसतच नाहीत.

'शिलाई मशीनचा इतिहास फार जुना आहे' अशा सुरुवाती करून लांबी वाढवू नका. जास्त शब्द असले की लेख वर येतो हा गैरसमज चिवट आहे. लेख प्रश्नाइतका लांब असावा. काहींना सहाशे शब्द पुरतात, काहींना अडीच हजारही कमी पडतात.

एका वाक्यात संपणाऱ्या माहितीच्या मागे लागू नका. अमुक तारीख, तमुक अर्थ, असल्या प्रश्नांची उत्तरं आता शोधनिकालांच्या पानावरच मिळतात, वाचक तुमच्यापर्यंत येतच नाही. अनुभव, तुलना, फोटो, फसलेल्या उपायांची नोंद या गोष्टींसाठी त्याला पान उघडावं लागतं.

एआयकडून लेखांचा रतीब लावण्याचा मोह होईल. व्याकरण तपासायला, रूपरेषा सुचवायला ती साधनं वापरा. पण मार्च २०२४ मध्ये गुगलने आपल्या स्पॅम धोरणात शोधक्रमांक मिळवण्यासाठी घाऊक प्रमाणात मजकूर पाडण्याविरुद्ध स्पष्ट कलम घातलं, आणि तो मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, याने त्यात फरक पडत नाही. शिवाय सरळ गोष्ट अशी की मशीनसमोर न बसलेल्या लेखणीला गुंता कुठे होतो हे सांगता येत नाही.

फोटो गुगलवर सापडला म्हणजे तो फुकट होत नाही. स्वतः काढा, किंवा विकिमीडिया कॉमन्ससारख्या ठिकाणाहून परवाना वाचून आणि श्रेय देऊन घ्या. चित्र चढवण्याआधी त्याचा आकार कमी करा.

प्रत्येक नव्या लेखातून दोन-तीन जुन्या लेखांना दुवा द्या, आणि जुन्या लेखांत परत जाऊन नव्याचा दुवा घाला. दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. एका वाचकाने एकाऐवजी दोन पानं वाचली तर वरच्या हिशेबातली कमाई जवळजवळ दुप्पट होते, तीही नवा वाचक न आणता.

वाचक येणार कुठून

गुगल सर्च कन्सोल हे, गुगलच्या शोधात तुमचे लेख कुठे दिसतात ते दाखवणारं, मोफत साधन पहिल्याच आठवड्यात जोडा. त्यात साइटची मालकी सिद्ध करून साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्या. ब्लॉगर आणि वर्डप्रेस दोन्ही तो आपोआप तयार करतात. नवीन डोमेनचे लेख निकालांत दिसायला वेळ लागतो, सुरुवातीचे महिने आलेख जमिनीला चिकटलेला असतो. त्या काळात रोज आकडे पाहण्यापेक्षा यादीतला पुढचा लेख लिहा.

समाजमाध्यमांवर दुवा टाकून पळू नका. ज्या गटात लोक मशीनच्या तक्रारी मांडतात तिथे आधी उत्तर द्या, फोटोसह सविस्तर माहितीसाठी मग दुवा. ईमेलने नवे लेख मागवण्याची सोयही लवकर सुरू करा, कारण शोधयंत्राचे नियम कधीही बदलतात पण ईमेलची यादी तुमचीच राहते.

वाचक विकत घेऊ नका. 'अमुक रकमेत १०,००० व्हिजिटर' विकणारे बहुतेकदा यंत्रांची फौज पाठवतात, आणि त्याने जाहिरात खातं जाऊ शकतं.

ॲडसेन्ससाठी अर्ज

अर्ज करायला वय १८ पूर्ण हवं. मजकूर समर्थित भाषेत हवा, आणि मराठी त्या यादीत आहे. एका व्यक्तीला एकच खातं मिळतं, त्यामुळे नाकारल्यावर दुसऱ्या ईमेलने नवं खातं उघडण्याची युक्ती करू नका. किमान इतके लेख किंवा इतके वाचक हवेत असा जाहीर आकडा नाही. तरी माझा सल्ला असा की वीस-पंचवीस भरीव लेख झाल्याशिवाय आणि शोधातून रोज थोडेफार वाचक येऊ लागल्याशिवाय अर्ज करू नये. त्याआधी मंजुरी मिळाली तरी मिळणार काही सेंट, आणि लक्ष मात्र लेखनावरून उडून कमाई दाखवणाऱ्या डॅशबोर्डवर जातं.

अर्जानंतर ॲडसेन्स एक कोड देतं. तो टेम्प्लेटच्या कोडमधल्या 'हेड' नावाच्या भागात टाकायचा. तपासणीला काही दिवस लागतात, कधी दोन ते चार आठवडेही. नकाराचं वारंवार मिळणारं कारण म्हणजे 'कमी मूल्याचा मजकूर'. त्याचा अर्थ बहुधा असा असतो: लेख त्रोटक आहेत, दुसरीकडून घेतल्यासारखे आहेत, मेनूतली निम्मी सदरं रिकामी आहेत किंवा बरीच पानं अर्धवट आहेत. रिकामी सदरं काढा, एकसारखे लेख एकत्र करा, तोकडे लेख भरा आणि मगच पुन्हा अर्ज करा. काहीही न बदलता रोज अर्ज करण्यात अर्थ नाही.

मंजुरीनंतर 'ॲड्स डॉट टीएक्सटी' नावाची छोटी फाइल डोमेनच्या मुळाशी ठेवा. तुमची जागा विकायचा अधिकार कोणाला आहे हे त्यात लिहिलेलं असतं, म्हणजे तुमच्या नावाने खोटी जागा विकणं अवघड होतं. तिचा मजकूर ॲडसेन्स तयार देतं. वर्डप्रेसमध्ये ती होस्टिंगच्या मुख्य फोल्डरमध्ये टाकायची, ब्लॉगरमध्ये सेटिंग्जमध्ये त्यासाठी वेगळी जागा आहे.

युरोपीय आर्थिक क्षेत्र, ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमधले वाचक येत असतील तर त्यांच्यासाठी कुकीची संमती घेणारी चौकट लागते, तीही गुगलने प्रमाणित केलेली. ॲडसेन्सच्या 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग' विभागात ती तयार मिळते. दहा मिनिटांचं काम आहे, करून टाका.

जाहिराती कुठे आणि किती

ऑटो ॲड्स चालू केल्या की गुगल स्वतः जागा निवडतं. सोपं आहे, पण सुरुवातीला सेटिंग्ज नीट लावल्या नाहीत तर पान जाहिरातींनी बरबटतं. मी आधी हाताने दोनच जागा लावायला सांगेन: एक उत्तर देऊन झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदानंतर, आणि एक लेखाच्या शेवटी. लेख लांब असेल तर मध्ये आणखी एक. दोन-तीन आठवड्यांचे आकडे हाती आले की ऑटो ॲड्समधली पडद्याच्या तळाशी चिकटणारी जाहिरात चालू करून पाहा आणि तुलना करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

मर्यादा कुठे आहे याला बऱ्यापैकी ठोस मापं आहेत. कोअलिशन फॉर बेटर ॲड्स या संस्थेच्या मानकांनुसार मोबाइलवर मुख्य मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांहून जास्त जागा जाहिरातींनी व्यापू नये. पॉप-अप आणि आवाजासह आपोआप सुरू होणारे व्हिडिओही त्यांच्या नकोशांच्या यादीत आहेत. फेब्रुवारी २०१८ पासून क्रोम ब्राउझर ही मानकं वारंवार मोडणाऱ्या साइटवरच्या जाहिराती अडवतो.

वेगाकडेही पाहा. गुगलच्या कोअर वेब व्हायटल्स या मापांनुसार पानातला सर्वांत मोठा घटक २.५ सेकंदांत दिसावा, वाचकाच्या टिचकीला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत मिळावा आणि पानाचा हलण्याचा निर्देशांक ०.१ च्या आत राहावा. शेवटचं जाहिरातींमुळेच बिघडतं: वाचत असताना अचानक जाहिरात उगवते आणि ओळ खाली सरकते. जाहिरातीच्या चौकटीला आधीच उंची राखून ठेवली की हा त्रास जातो.

आक्षेपार्ह वाटणाऱ्या वर्गांतल्या जाहिराती, उदाहरणार्थ झटपट वजन घटवण्याच्या, 'ब्लॉकिंग कंट्रोल्स'मधून बंद करता येतात. थोडी कमाई जाते, पण मुलांसाठी शिवणकाम शिकवणाऱ्या पानावर भलतीच जाहिरात दिसण्यापेक्षा ते परवडलं.

खातं बंद पडण्याचा हमखास मार्ग

स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करणं. कुतूहल म्हणूनही नाही, मित्राच्या फोनवरूनही नाही. घरच्यांना 'जरा क्लिक करा' म्हणणं, 'आमच्या जाहिरातींवर क्लिक करून मदत करा' असं लिहिणं, जाहिरातीकडे बाण दाखवणं, डाउनलोडच्या बटणाला खेटून जाहिरात ठेवणं, हे सगळं त्याच माळेतलं. जाहिरातीच्या वर मथळा द्यायचाच तर तो 'जाहिराती' किंवा 'प्रायोजित दुवे' एवढाच, 'उपयुक्त माहिती' असला नाही.

खोट्या क्लिकचे पैसे महिनाअखेरीला वजा होऊन जाहिरातदाराला परत जातात, त्यामुळे डॅशबोर्डवरचा अंदाज आणि अंतिम रक्कम यांत फरक दिसला तर दचकू नका. कोणी खोडसाळपणे तुमच्या जाहिरातींवर धडाधड क्लिक करतंय असा संशय आला तर गुगलला कळवायचा अर्ज उपलब्ध आहे. कधीकधी जाहिराती दाखवण्यावर तात्पुरती मर्यादा येते. त्या काळात कोडशी खेळत बसण्याऐवजी वाचक कुठून येताहेत ते तपासा आणि संशयास्पद स्रोत बंद करा.

पैसे हातात येईपर्यंत

शिल्लक १० डॉलरवर गेली की पत्ता पडताळण्यासाठी टपालाने सहा अंकी पिन येतो. त्याला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. चार महिन्यांत तो ॲडसेन्सच्या खात्यात टाकला नाही तर जाहिराती थांबतात. म्हणून अर्ज भरतानाच पत्ता पोस्टमनला सापडेल असा लिहा, आणि नाव बँक खात्यावर आहे अगदी तसंच. ओळखपत्र आणि कराची माहितीही मागितली जाते. ती टाळली तर रक्कम अडकून पडते.

मागच्या महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पक्की होते आणि १०० डॉलरचा टप्पा ओलांडला असेल तर २१ ते २६ तारखेच्या दरम्यान पाठवली जाते. टप्पा गाठला नसेल तर शिल्लक पुढे सरकते. या उत्पन्नावर तुमच्या देशात जो कर लागतो तो भरावा लागतो, म्हणून महिन्याचे अहवाल उतरवून ठेवण्याची सवय लावा.

वाट्याबद्दल नेहमी विचारलं जातं. २०२४ च्या सुरुवातीपासून हिशेबाची रीत बदलली. जाहिरातदाराच्या बाजूचं शुल्क वजा झाल्यावर उरलेल्यातले ८० टक्के प्रकाशकाला, म्हणजे तुम्हाला, मिळतात. गुगल ॲड्स या जाहिरातदारांसाठीच्या सेवेतून आलेल्या जाहिरातीत ते पूर्वीच्या ६८ टक्क्यांच्या आसपासच जातं. पैसेही आता मुख्यतः क्लिकवर नाही तर जाहिरात दिसण्यावर मिळतात. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत जाहिरातदार हात सैल सोडतात आणि जानेवारीत आखडतात. जानेवारीतली घसरण पाहून टेम्प्लेट बदलायला धावणं म्हणजे साप समजून भुई धोपटणं.

वाचक वाढल्यानंतर

ॲडसेन्सखेरीज इतर नेटवर्क आहेत, पण मोठी नेटवर्क वाचकसंख्या आणि वाचकांचा देश दोन्ही पाहतात. स्थानिक भाषेतल्या लहान ब्लॉगला त्यापेक्षा थेट जाहिरात जास्त फायद्याची ठरू शकते. मशीन विकणाऱ्याला तुमचेच वाचक हवे असतील तर त्याच्याशी महिन्याचा दर ठरवा, मध्ये कोणाचा वाटा नाही. त्याला सर्च कन्सोल आणि वाचक मोजणाऱ्या गुगल ॲनालिटिक्सचे खरे आकडे दाखवा. पैसे घेऊन लिहिलेल्या लेखावर 'प्रायोजित' असं स्पष्ट लिहा आणि त्यातल्या दुव्याच्या कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' हा गुणधर्म लावा. शोधयंत्राच्या नियमांसाठी ते लागतं, आणि वाचकालाही ते कळण्याचा हक्क आहे.

नवे लेख लिहिण्याइतकंच जुन्यांकडे परत जाणं कमाईचं असतं. सर्च कन्सोलमध्ये सरासरी आठव्या ते विसाव्या क्रमांकावर दिसणारे लेख गाळून काढा. गुगलला ते योग्य वाटतात, पण वाचकापर्यंत पोचत नाहीत. कोणत्या शब्दांवर ते दिसताहेत ते पाहा. 'दोरा तुटतो' या लेखावर लोक 'सुई तुटते' शोधत येत असतील तर त्यात सुईचा भाग घाला, किंवा स्वतंत्र लेख लिहून दोन्ही जोडा. शीर्षकात वाचकाचा शब्द आणा, धूसर फोटो बदला, कालबाह्य झालेलं काढा. लेखाचा पत्ता मात्र तसाच ठेवा, आणि बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ रिडायरेक्ट (वाचकाला कायमचं नव्या पत्त्यावर नेणारी सोय) लावा, म्हणजे जुने दुवे आणि मिळवलेला क्रमांक वाया जाणार नाहीत.